कपाटातले मुंगळे

४ मार्च

व्याहीबुवा,

नमस्कार. यापुढे 'विनंती विशेष' लिहायची पद्धत आहे, पण आज विनंती नाही, तक्रार आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही 'हो हो' म्हणता.

विषय तुमचं कपाट. दोन वर्षांपूर्वी लग्नात तुम्ही लेकीला स्वतःच्या हातांनी करून दिलंत ते. आम्ही काही मागितलं नव्हतं, हे तुम्हालाही आठवत असेल. ते जिन्यातून चढवताना चार माणसांना घाम फुटला आणि माझ्या दाराची चौकट एका बाजूने सोलून निघाली. तेव्हा मी काही बोलले नाही. आज बोलते.

गेले दहा दिवस त्या कपाटाखाली रोज सकाळी भुशाचा ढीग सापडतो. मी झाडते, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. काल दिवेलागणीला मुलगा-सुनेच्या खोलीत दिवा लावला, तर कपाटाच्या मागून हे मोठे काळे मुंगळे एकामागून एक बाहेर पडत होते, ऑफिस सुटल्यासारखे. मी दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. घर माझं, आणि बाहेर मी.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने दारातूनच नजर टाकली आणि 'वाळवी आहे मॅडम' म्हणाला. कपाट बाहेर काढा, नाहीतर दारं, चौकटी, जिना, सगळं जाईल. मी नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं काढली आहेत. अर्ज न वाचता शिक्का मारणारी माणसं मला लांबून ओळखू येतात. हा त्यातलाच वाटला. पण भुसा तर मी रोज स्वतः झाडते आहे. तेव्हा भंगारवाल्याला पंचवीस तारखेला सकाळी दहाला यायला सांगितलं आहे. जिन्यातून ते परत उतरायचं नाही, म्हणून तो जागेवरच फोडून नेईल.

मुलगा आणि सूनबाई कामासाठी बाहेरगावी आहेत, पंधरा एप्रिलला परत येतील. सूनबाईला अजून कळवलेलं नाही. तिचा त्या कपाटावर किती जीव आहे ते मला ठाऊक आहे. जाताना कपाटावरून हात फिरवून गेली, मला नुसतं 'येते' म्हणाली.

म्हणून आधी तुम्हाला विचारते. लाकूड किडकं वापरलंत की ओलं? सरळ उत्तर द्या. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, कबुली दिली की निम्मी शिक्षा माफ. उरलेली निम्मी त्या पट्टीने द्यायच्या.

तुमची विहीण


७ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसता राग आला. दुसऱ्यांदा 'भुसा' आणि 'मुंगळे' हे शब्द नीट दिसले आणि जीव भांड्यात पडला.

वाळवी नाही. वाळवी लाकूड खाते. भुसा बाहेर टाकत नाही, मातीच्या नळ्या बांधून आत लपून राहते. उजेडात रांग लावून फिरायची तिची छाती नाही. मुंगळे लाकूड खात नाहीत, पोखरतात, आणि तेही राहण्यापुरतं. खोली कोरायची, भुसा दाराबाहेर ढकलायचा. सुताराचंच काम. फरक एवढाच, आमचा भुसा झाडायला दुसरं कोणीतरी लागतं.

चाळीस वर्षं लाकूड फाडलं, त्यात त्यांची घरं पुष्कळ सापडली. आतल्या भिंती पॉलिश पेपर मारल्यासारख्या गुळगुळीत. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या मिस्त्रींनी एकदा तसा एक तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, बघ, हे रंध्याशिवाय केलंय, तुला रंधा असून जमत नाही. मी तीन दिवस जेवलो नाही नीट.

मुंगळे घर करायला ओलसर, मऊ पडलेलं लाकूड शोधतात. माझं लाकूड तीन वर्षं सावलीत वाळवलेलं होतं. ना किडकं, ना ओलं.

तुम्ही एवढं करा. भुसा थोडा पाकिटात घालून पाठवा. दिवे लागायच्या वेळेला कपाटाजवळ एका झाकणात साखरेचं पाणी ठेवा, दुसऱ्यात उकडलेल्या अंड्याचा बलक. कशाला किती येतात आणि खाऊन कुठे जातात ते बघा. मग कपाटाची मागची बाजू बोटाने ठोका आणि कान लावा. आत असतील तर कागद चुरगाळल्यासारखा आवाज येईल.

मी स्वतः आलो असतो, पण गुडघे प्रवासाला तयार नाहीत.

फोडू नका. तुमच्या पत्रात विनंती नव्हती, माझ्यात एवढी एकच आहे.

आपला व्याही


१२ मार्च

व्याहीबुवा,

तुमचं पत्र वाचायला भिंग घ्यावं लागलं. मुंगळ्याला शाईत बुडवून कागदावर सोडलंत की काय? 'गुडघे' हा शब्द मी आधी 'गुलाब' वाचला आणि गुलाब प्रवासाला तयार नाहीत म्हणजे काय, याचा अर्धा तास विचार केला. आता तुम्हाला कुठली कचेरी गाठायची आहे? सावकाश लिहावं माणसाने.

भुशाची दोन पाकिटं सोबत आहेत, वर तारीख घातली आहे. प्रयोग तीन संध्याकाळ केला. सहा ते सात या वेळात साखरेला एकसष्ट मुंगळे आले, बलकाला एकोणीस. दुसऱ्या दिवशी बलकाची गर्दी वाढली. तिसऱ्या दिवशी एकाने बलकाचा गोळा स्वतःहून मोठा उचलला आणि भिंतीवर चढताना तीनदा पडला. मी मदत केली नाही. पण वर पोचेपर्यंत जागची हललेही नाही.

एक गोष्ट पाहिली ती लिहिते. साखर पिऊन टम्म झालेला एक परत जात होता. वाटेत दुसरा भेटला आणि दोघांनी तोंडाला तोंड लावलं. मी आधी मान फिरवली. मग लक्षात आलं, भरवणं चाललंय. पोट भरलेला उपाशी असलेल्याला देतो, आणि तो पुढच्याला. आमच्या कार्यालयात बढती मिळालेला माणूस दुसऱ्या जिन्याने जायला लागायचा.

कपाटही ठोकलं. आवाज आला, तुम्ही म्हणालात तसाच. मी कान लावून उभी असताना नेमकी शेजारीण आली. 'बरं वाटतंय ना तुम्हाला?' म्हणाली. आता ती रोज येऊन बघून जाते.

आता मुद्दा. कपाट भिंतीपासून वीतभर सरकवून मागे टॉर्च मारला. मागच्या फळीत बोटभर भोक आहे आणि आत पांढरट अंडी, गव्हाच्या दाण्याएवढी, पन्नास-साठ तरी. म्हणजे राणीसाहेब तिथेच बाळंत झाल्या आहेत आणि मूळ दुखणं तुमच्याच कपाटात आहे. माझ्या घरात ओल नाही, हे लिहून ठेवा. त्याच खोलीच्या खिडकीत लाकडी फळीवर माझ्या गुलाबाच्या कुंड्या आहेत, त्यांच्याखालीसुद्धा मेणकापड घातलेलं आहे, लाकडाला थेंब लागू नये म्हणून. पंधरा वर्षांत ते मी हलू दिलेलं नाही.

पंचवीस तारीख कायम.

तुमची विहीण


१५ मार्च

(हे पत्र शेजारच्या टेलरबाई लिहीत आहेत. सुतार सांगतात, मी उतरवते. अक्षर माझं, मतं त्यांची. माझं काही असेल ते कंसात.)

विहीणबाईंना नमस्कार.

अक्षराबद्दल माफी असावी. चष्मा बदलायला झालाय. (चष्म्याला काही झालेलं नाही. शेवटी लिहीन.)

भुसा पांढऱ्या कागदावर पसरून पाहिला. (माझ्या शिलाई मशीनवर. एका गिऱ्हाइकाचं पोलकं आता झटकायला लागणार आहे.) त्यात लाकडाचे तंतू आहेत, आणि मेलेल्या किड्यांचे पाय, पंखांचे तुकडेही आहेत. मुंगळेच. जेवल्यावर उरलेलं ते भुशाबरोबरच बाहेर टाकतात. वाळवीच्या घरात असलं काही सापडायचं नाही.

तुम्ही पाहिलीत ती अंडी नव्हेत. अंडी खसखशीएवढी बारीक असतात. गव्हाच्या दाण्याएवढे ते कोश. मोठी झालेली पोरं त्यात झोपलेली असतात, उठली की मुंगळे होऊनच बाहेर येतात. आता नीट ऐका. (नीट वाचा.) मुंगळ्यांची दोन बिऱ्हाडं असतात. थोरल्या बिऱ्हाडात राणी आणि अंडी. तिथे ओल लागते, अंडी कोरडी पडली की गेली. पोरं कोशात गेली की त्यांना कोरडी, उबेची जागा बरी, म्हणून जवळपास धाकटं बिऱ्हाड मांडतात. माझ्या कपाटात कोश आहेत आणि अंडी नाहीत, म्हणजे ते धाकटं. थोरलं तुमच्याच खोलीत कुठेतरी आहे. कपाट फोडलंत तर ते दुसरं कपाट शोधतील.

मेणकापड उचलून बघा. (हे सांगताना आवाज बारीक केला होता. मी मोठ्या अक्षरात लिहिते. मेणकापड उचलून बघा.) वरून पाणी लागू नये म्हणून घातलं खरं, पण कुंडीचा पाझर कडेने खाली जातो आणि कापड असल्यामुळे वाळत नाही. लाकडाला पाण्याचं भय नाही, न वाळण्याचं आहे.

झाडांवर मावा आहे का तेही बघा, हिरवे बारीक किडे पानांच्या मागे. त्यांच्या अंगातून गोड पाणी निघतं, मुंगळे ते पितात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. झाडावरून उतरणाऱ्या मुंगळ्याचं पोट उजेडात मण्यासारखं चमकलं तर समजा, तुमच्या गुलाबावरच त्यांची खानावळ आहे.

मीच येऊन पाहिलं असतं, पण गुडघे. (रोज तीन मजले चढतात.)

आपला व्याही

(लिहिणारीचं स्वतःचं. बाई, तुमची-माझी ओळख नाही, तरी लिहिते. सुतारांचा उजवा हात अडीच वर्षांपासून थरथरतो. डॉक्टर म्हणतात वाढेल, कमी व्हायचा नाही. लग्नानंतर तुमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातून टेबलक्लॉथवर चहा सांडला. 'हळू जरा, सिस्टरांनी दिलेला आहे तो,' असं तुम्ही म्हणालात. ते वाक्य त्यांना पाठ आहे, आता मलाही झालंय. त्यानंतर ते तुमच्याकडे आलेले नाहीत. ते कपाट त्यांचं शेवटचं काम. हत्यारं तेल लावून पेटीत ठेवलीत. लेकीला यातलं काही माहीत नाही. हे मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही.)


१८ मार्च

व्याहीबुवा,

मेणकापड उचललं.

फळीत बोट खुपसलं तर ते केकमध्ये जावं तसं आत गेलं. वरचा पापुद्रा निघाला आणि खाली एक अख्खं गाव होतं. दालनं, जिने, सज्जे. भिंती खरोखरच गुळगुळीत. मी बोट फिरवून पाहिलं, कुसळ एकही लागलं नाही. शेकडो मुंगळे इकडून तिकडे धावत होते, प्रत्येकाच्या तोंडात काहीतरी पांढरं. आणि मधोमध राणी, माझ्या बोटाच्या पेराएवढी, धावपळीत अजिबात न पडलेली. तिच्याभोवती खसखस.

तेव्हा माझी कबुली लिहून घ्या. पंधरा वर्षं मी सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, घड्याळ लावून, त्या फळीवर पाणी घातलं आणि वर कापड पांघरलं. माझ्या घरात ओल नाही हे वाक्य परत घेते. मावाही आहे. एवढी वर्षं गुलाबावर मुंगळे दिसले की मला वाटायचं, सुवासाला येतात.

पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करून सांगितलं की ती वाळवी नव्हती. 'तेच ते, मॅडम,' म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या जन्माच्या दाखल्यावर शेजाऱ्याचं नाव घातलं तर तेच ते चालेल का? त्याने फोन ठेवला. भंगारवाल्यालाही नाही म्हणून कळवलं. तो बिचारा हिरमुसला, 'लाकूड फार छान होतं हो,' म्हणाला. भाव ठरवायला आला तेव्हा एवढं त्याला दारातूनच कळलं होतं.

तुमचं पहिलं पत्र काल पुन्हा वाचलं, भिंगाशिवाय. वाचता येतं. दोष माझ्या घाईचा होता. कुंड्या हलवल्या तेव्हा चिखल पुसायला काही हाताशी नव्हतं, तो जुना टेबलक्लॉथ फाडून फडकी केली. चांगलं पाणी शोषतो. इतकी वर्षं तो नुसताच पांघरून ठेवला होता.

आता कपाटाचं काय करायचं ते तुम्ही येऊन सांगा. मागच्या फळीतलं ते भोक मुंगळ्यांनी केलेलं वाटत नाही. कडा फारच गोल आहेत.

तुमची विहीण


२२ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

टेबलक्लॉथचं वाचलं आणि समजलो, टेलरबाईंनी पत्रात भर घातली. दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लावून घ्यायला त्यांच्याकडेच जावं लागलं. बटण त्यांनी भलतंच घट्ट लावलंय.

हे पत्र मीच लिहितोय. वेळ लागेल तेवढा लागू दे.

भोक मुंगळ्यांनी केलेलं नाही. मागच्या फळीत एक गाठ होती, ती रंधा मारताना निखळून पडली. फळी बदलायला हवी होती. नवी फळी म्हणजे नव्या खाचा, आणि त्या कोरायला पटाशी धरली की हात तिला खाचेबाहेर नेई. दोन फळ्या तशाच वाया घालवल्या. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मेण आणि भुसा कालवून भोक भरलं, वरून रंग दिला. भिंतीच्या बाजूला होतं, कोण बघतंय. लेक तेव्हा शेजारीच उभी होती, 'बाबा, किती छान दिसतंय' म्हणत होती. मी हो म्हणालो.

मेण मुंगळ्यांना काय अडवणार? ते उकरलं आणि आत गेले. ओल तुमची असेल, पण दार मी दिलं. तुम्ही पहिल्याच पत्रात सरळ विचारलं होतंत. मी लिहिलं, ना किडकं ना ओलं. ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. तुमच्या कार्यालयात असा अर्ज परत आला असता.

चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या घरात एवढी एकच खोटी वस्तू गेली, आणि ती नेमकी लेकीच्या. म्हणून भंगारवाल्याला बोलवायचं असेल तर बोलवा. मी येऊन काय करणार? उभा राहून बघणार. बघणारे सुतार गल्लोगल्ली असतात. लेकीला मुंगळ्यांचंच कारण सांगा.

आपला व्याही


२४ मार्च

व्याहीबुवा,

अर्ज मिळाला. पूर्ण आहे. नामंजूर.

माझ्याकडे दोन हात आहेत आणि दोन्ही स्थिर आहेत. सिस्टरांनी मला सहा वर्षं भरतकाम शिकवलं. हे आयुष्यात कशालाही उपयोगी पडणार नाही, असं मी तेव्हाच त्यांना तोंडावर सांगितलं होतं आणि त्याबद्दल व्हरांड्यात उभी राहिले होते. तुम्ही सांगा, मी पटाशी धरते. सांगताना ओरडायचं नाही, ओरडायचं काम माझ्याकडे आहे.

तीस तारखेच्या सकाळच्या गाडीने या. हत्यारांची पेटी आणा. टेलरबाईंनाही आणा, नाहीतर तुम्ही पुन्हा गुडघ्यांवर जाल. चहा मोठ्या मगात अर्धाच देईन. दोनदा मागावा लागेल, तेवढा त्रास सोसा.

सूनबाईला तुम्ही काय सांगायचं हा तुमचा प्रश्न. मी खोटं सांगणार नाही, मला ते नीट जमत नाही.

तुमची विहीण


२० एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

सुखरूप पोचलो, हे टेलरबाईंनी फोनवर सांगितलंच असेल. पत्राला दोन आठवडे लागले कारण रोज चार ओळी लिहितो. वाचायला भिंग लागलं तर घ्या, आता मला वाईट वाटणार नाही.

तुमच्याकडचे पाच दिवस आठवले की अजून हसू येतं. पटाशी तुम्ही पहिल्यांदा पेनासारखी धरलीत. मी म्हटलं, मुठीत धरा, तर म्हणालात, 'मुठीत मी कधीच काही धरलेलं नाही.' तीन फळ्या तुम्ही वाया घालवल्यात. चौथी लागली. मी तुमच्या वयाचा शिकाऊ कधी पाहिला नव्हता आणि लाकडालाच दोष देणारा तर नाहीच नाही. पण खाच नीट बसल्यावर लाकडी हातोड्याचा जो एक ठाम आवाज येतो, तो आला तेव्हा तुम्ही तीच खाच पुन्हा ठोकून पाहिलीत. मी लेकीच्या लग्नानंतर तो आवाज ऐकला नव्हता.

मुंगळ्यांचंही बरं झालं. त्यांना औषध मारायचं नाही, असं तुम्ही म्हणाल असं मला वाटलं नव्हतं. खिडकीची कुजकी फळी आणि कपाटाची जुनी मागची फळी चादरीत गुंडाळून, राणी आणि कोशांसकट, आपण अंगणाच्या टोकाला त्या पडलेल्या ओंडक्याशी नेली. टेलरबाई पुढून धरत होत्या आणि सारख्या म्हणत होत्या, माझ्या बाहीत गेला, माझ्या बाहीत गेला. खरंच गेला होता.

आता मुख्य. परवा लेकीचा फोन आला. आल्या दिवशीच तिने कपाट उघडलं, मग मागे वाकून पाहिलं. सुताराची मुलगी. म्हणाली, "बाबा, मागची फळी कोणी बदलली? तुमच्या खाचा अशा नसतात."

मी म्हटलं, "कशा आहेत?"

"घट्ट आहेत. पण रागावून मारल्यासारख्या."

मी म्हटलं, "तुझ्या सासूबाईंनी केल्यात."

फोन बाजूला ठेवून ती पुन्हा कपाटामागे बघून आली. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही काय करत होतात?"

तेव्हा सांगितलं सगळं. हाताचं, मेणाचं, चहाचं. आधी रडली. मग चिडली, अडीच वर्षं सांगितलं नाही म्हणून. मग विचारलं, "भोकाचं मला कळलं असतं तर मी ते कपाट घेतलं नसतं असं वाटलं का तुम्हाला?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अगदी लाकूड आहात." दर महिन्याला येणार आहे म्हणते. मी म्हटलं, ये, पण हाताला बघायला येऊ नकोस, जेवायला ये.

पेटी तुमच्याकडे राहिली आहे. विसरलो असं समजू नका. पटाश्यांना आठवड्याला तेलाचा हात फिरवा, गंज धरता कामा नये.

आपला व्याही


४ मे

व्याहीबुवा,

पत्र मिळालं, भिंग लागलं नाही. तुमच्या लेकीने माझ्या खाचांबद्दल जे म्हटलं ते मलाही तोंडावर म्हणाली. मी विचारलं, 'सुटतील का?' म्हणाली, 'सुटायची हिंमत होणार नाही त्यांची.' आता आमचं बरं चाललं आहे. कालपासून मला 'अहो आई' ऐवजी नुसतं 'आई' म्हणते. मी ऐकलं नाही असं दाखवते, नाहीतर लाजून बंद करायची.

मुंगळे ओंडक्यात रुळले. सकाळी त्याच्याखाली बारीक भुसा असतो, बाहेर काढून टाकलेला, नीट ढीग करून. कुंड्या आता लोखंडी तिवईवर आहेत, मेणकापड नाही. गुलाबावर संध्याकाळी अजून आठ-दहा जण येतात, अंगण ओलांडून, एवढ्या लांबून. माव्याला मी साबणाचं पाणी मारणार होते. मग एकाला खाली उतरताना पाहिलं, पोट अगदी तुम्ही सांगितलं तसं मण्यासारखं, आत दिवा लावल्यागत. एक फांदी त्यांच्यासाठी ठेवली. बाकीच्या फांद्या माझ्या. एवढं पुरे आहे दोन्ही पक्षांना.

पेटी हाताशी असल्यावर माणूस किती दिवस नुसतं तेल लावत बसेल? उरलेल्या फळ्यांचं एक स्टूल करायला घेतलं आहे. करवत मी चालवते, दुसरं टोक सूनबाई धरते. मुलगा दारात उभा राहून सल्ले देत होता, त्याला भाजी आणायला पाठवलं.

स्टूल झालं. तीन पाय जमिनीला टेकतात, चौथ्याचं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही लिहाल की कापू नका, आधी जमीन तपासा. मला माहीत होतं, म्हणून तुमचं पत्र यायच्या आतच कापला. आता तो आखूड झाला आहे, म्हणून काल उरलेले तीन कापले. आज सकाळी बघते तर दुसराच एक लांब.

रविवारच्या गाडीने या. रंधा इथलाच वापरू, गुण्या तेवढा आणा, तो पेटीत नाही आणि माझ्या डोळ्यांचा काटकोन लाकडाला पटत नाही. टेलरबाईंना म्हणावं, बाह्यांना रबर लावून या. आणि खरंच उशीर करू नका. असंच चालू राहिलं तर तुम्ही येईपर्यंत या स्टुलाचा पाट झालेला असेल.

तुमची विहीण